नोकरी सोडली त्याबद्दल, नीट लिहून

प्रिय आई, बाबा,

फोनवर सांगितलं तेव्हा बाबा एकदम गप्प झाले आणि आई, तू "बघ बाई, तुझं तू" म्हणून फोन ठेवलास, म्हणून आता लिहूनच सांगते. राजीनामा दिलाय आणि तो मंजूरही झालाय. बालशिक्षणातलं एमए इतके दिवस पार्टटाइम चालू होतं, आता शेवटचं वर्ष पूर्णवेळ करणार, कारण या वर्षी प्रॅक्टिकम आहे, म्हणजे रोज सकाळी खऱ्या वर्गात खऱ्या मुलांबरोबर, आणि ते नोकरी सांभाळून होण्यासारखं नाही. पैशाचं आधीच सांगते म्हणजे बाबा पुढचं शांतपणे वाचतील. फी भरून झालीय, साठवलेले वर्षभर पुरतात, आणि तुमच्या इन्शुरन्सचा हप्ता माझ्या खात्यातून जातो तो तसाच जाणार, त्याला मी हात लावलेला नाही. खोली तीच आहे, खिडकीत ऊन येतं, झोप होते, जेवण वेळेवर होतं. खरंच होतं आई.

बाबा, तुम्ही विचारलं होतंत की एवढ्याएवढ्या पोरांना सांभाळायला एमए कशाला. राग नाही आला, सगळेच विचारतात. तुम्हाला पुरावा लागतो म्हणून एक सांगते. अमेरिकेत मिशिगन राज्यात १९६२ साली पेरी प्रीस्कूल नावाचा प्रयोग सुरू झाला, गरीब घरातली १२३ मुलं, त्यातल्या काहींना प्रशिक्षित शिक्षकांची बालवाडी मिळाली, काहींना नाही. शिक्षक दर आठवड्याला मुलांच्या घरीही जायचे. मग ती मुलं चाळीस वर्षांची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला, तर बालवाडीवाली जास्त शिकली, जास्त कमावत होती आणि पोलिसांच्या तावडीत कमी सापडली. १२३ म्हणजे फार लहान आकडा आहे हे तुम्ही म्हणणारच, आणि बरोबर आहे ते, आमच्या वर्गातही यावर भांडणं झाली. पण मुद्दा असा की तिथे शिकवायला कुणालाही धरून उभं केलं नव्हतं, शिकलेली माणसं होती. माझंही वर्ष त्यासाठीच जातंय, वाया जात नाहीये.

आणि खरं सांगू का, मुलांपेक्षा मीच जास्त बदललेय. आम्हाला निरीक्षणं लिहावी लागतात. नियम एकच, दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. "हट्टी आहे" असं लिहायचं नाही, "ठोकळे आवरायला सांगितल्यावर टेबलाखाली जाऊन बसला, बाई शेजारी येऊन बसल्यावर बाहेर आला" असं लिहायचं. वाचायला सोपं वाटतं, पण सुरुवातीला सगळ्यांच्याच वह्या लाल शाईने भरून आल्या, कारण माणूस बघायच्या आधी नाव ठेवून मोकळा होतो. आता ही सवय अशी अंगात मुरलीय की ऑफिसात शेवटी शेवटी साहेबांचाही राग येईनासा झाला, नुसतं बघत बसायचे हे नेमके कधी चिडतात ते. (बहुतेक मीटिंग लांबली की.)

आता जरा नाजूक. घरात मी घुमी होते ना? पाहुण्यांसमोर तोंड उघडायचं नाही आणि एकटी असले की भिंतीशी बडबड, आई तू किती काळजी करायचीस, आणि त्या बाईंनी काय काय सांगितलं होतं तेही आठवतंय. तर व्हायगॉट्स्की नावाचा एक मानसशास्त्रज्ञ होता, तो म्हणतो की मूल स्वतःशी मोठ्याने बोलतं ते त्याचं विचार करणंच असतं, पुढे तेच बोलणं आत जातं आणि गप्प होतं. आणि मिल्ड्रेड पार्टेन या बाईंनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले त्यात नुसतं कडेला उभं राहून बघणं हाही एक प्रकार आहे, म्हणजे मी मैदानाच्या कडेला उभी असायचे तेव्हा माझं काही बिघडलेलं नव्हतं. हे तुम्हाला टोचायला लिहीत नाहीये हं. तुम्हाला तेव्हा जे सांगितलं गेलं तेच तुम्ही धरून चाललात, दुसरं सांगणारं कोण होतं? उलट त्या बाईंचं ऐकून आल्यावर रात्री बाबा माझ्याशेजारी येऊन बसले होते, काही न बोलता, माझी बडबड संपेपर्यंत. आम्हाला आत्ता जे शिकवतात ना बाबा, ते हेच.

मेरी बड रो या अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, तीन सेकंद थांबले तर मुलं जास्त बोलतात, मोठी उत्तरं देतात, एरवी गप्प असणारीही बोलतात. म्हणून त्या दिवशी फोनवर तुम्ही गप्प झालात तेव्हा मी घाईघाईने काही भरलं नाही. फोन आईने ओढला नसता तर तुम्ही काहीतरी बोलणार होतात, हो ना?

या सुट्टीत यायला जमणार नाही. प्रॅक्टिकममधे मधेच गैरहजर राहिलं की मुलं पुन्हा दारापाशी रडायला लागतात, त्यांना रोजचंच माणूस लागतं. वाईट मलाही वाटतंय, पण सत्र संपलं की जास्त दिवसांसाठी येते, राहायलाच.

तोवर बाबा, बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. मी तुम्हाला हट्टी म्हणत नाहीये, मागच्या आठवड्यात दोनदा राहिली एवढंच नोंदवतेय. स्टुलावर चढायचं नाही, माळ्यावरचं काही लागलं तर दादाला हाक मारायची. आई, गुडघ्याचे व्यायाम टीव्ही बघताबघता केलेस तरी चालतील पण कर, आणि रक्ताचा रिपोर्ट आला की आधी मला फोटो पाठव, शेजारच्या काकूंना नंतर दाखव. आणि या वेळी फोन बाबांच्याच हातात दे, मधे बोलू नकोस.

तुमचीच,
चिमी