बाबा, तुमचे ते पंधरा दिवस

प्रिय आई-बाबा,

फोनवर हे सांगायला दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा बोलणं तब्येतीच्या चौकशीपाशीच थांबलं. म्हणून लिहिते आहे. आई, चष्मा लाव आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखव. कुठेही धक्का बसला तरी मध्येच थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

मी सतरा वर्षं सिगरेट ओढत होते. बाविसाव्या वर्षी लागलेली सवय, पुढे दिवसाला एक पाकीट. आज ती सोडून ४१२ दिवस झाले.

आई, तुला माहीत होतं असं मला आता वाटतं. सुट्टीत घरी आले की माझे कपडे तू बाकीच्यांपासून वेगळे भिजत घालायचीस. मी गच्चीवरून खाली आले की माझ्याकडे न बघता उठून खिडकी उघडायचीस. तू विचारलं असतंस तर मी खोटं बोलले असते आणि तेही तुला कळत असावं. तुझ्या त्या न विचारण्याचं ओझं मी बरीच वर्षं वाहिलं. रागावून म्हणत नाही, फक्त सांगते आहे.

याआधी चार वेळा सोडून पाहिली. चारही वेळा एकटीने, कुणाला न सांगता. कुणाला सांगितलंच नाही, तर पुन्हा ओढायला लागले तरी कुणाला कळणार नाही, असा त्यामागचा हिशेब होता. सगळ्यात लांब टिकले ती एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी कामावर काहीतरी बिनसलं, आणि ‘एकच ओढते’ म्हणत खाली गेले. त्या ‘एकच’ने पुढची दोन वर्षं खाल्ली.

पाचव्या वेळी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, ‘सकाळी डोळे उघडल्यावर पहिली किती वेळाने पेटवता?’ मी म्हटलं, पाच मिनिटांत. यावरूनच सवय किती खोल गेली आहे याचा अंदाज येतो म्हणे. त्यांनी निकोटिनच्या पट्ट्या दिल्या, दंडावर चिकटवायच्या, आणि वेळप्रसंगी चघळायला निकोटिनच्या च्युइंगगमची गोळी. ती गोळीसुद्धा मी आधी चुकीची खात होते. सारखी चावत राहिले की पोटात मळमळायचं. थोडी चावायची, जिभेला चरचरलं की गालात दाबून ठेवायची, मग पुन्हा थोडी चावायची. हे मला नीट शिकवलं ते दहा वर्षांपूर्वी सिगरेट सोडलेल्या एका नर्सताईंनी. आणि त्या भेटल्या आमच्या गटात. खरं तर हे पत्र त्या गटाबद्दलच आहे.

आम्ही दहा-बारा जण आठवड्यातून एकदा भेटतो. सगळ्यांनी कधीतरी ओढलेली, सगळ्यांनी सोडलेली किंवा सोडू पाहणारी. निवृत्त झालेले एक बसचालक काका आहेत, या नर्सताई आहेत, माझ्यापेक्षा अर्ध्या वयाचा एक मुलगा आहे, रात्रपाळीचे एक पहारेकरी आहेत. पहिल्या दिवशी मी दाराशी उभी राहून परत जायचा विचार करत होते. बाईने सिगरेट ओढणं म्हटल्यावर लोकांची नजर कशी बदलते ते मला पाठ होतं. काकांनी खुर्ची सरकवली आणि विचारलं, ‘शेवटची कधी?’ मी म्हटलं, ‘आत्ता, कोपऱ्यावर.’ ते म्हणाले, ‘बसा. माझीही पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच झाली होती.’ डॉक्टर सोडले तर सतरा वर्षांत सिगरेटबद्दल कुणाला खरं उत्तर दिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

आमच्यात नियम एकच आहे: पेटवायच्या आधी फोन. पेटवल्यानंतर केलात तरी कुणी रागावत नाही, पण आधी करायचा.

एक रात्र सांगते. बाविसावा दिवस होता. दुसऱ्या दिवशी द्यायचं काम अर्धवट होतं, रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि जुन्या पर्सच्या अस्तरात मला एक सिगरेट सापडली. जरा वाकलेली, टोकाशी तंबाखू गळलेली. ती ओठांपर्यंत नेली होती. लायटर घरात नव्हता म्हणून गॅसपाशी उभी होते. तसाच काकांना फोन लावला. मला वाटलं, ‘ओढू नका’ म्हणतील. त्यांनी विचारलं, ‘हातात आहे का?’ हो म्हटलं. ‘असू दे. दुसऱ्या हाताने पेलाभर पाणी घ्या.’ घेतलं. ‘एकेक घोट घ्या आणि मला सांगा, खिडकीतून काय दिसतंय.’ समोरच्या इमारतीतले दिवे मोजून सांगितले, किती घरं जागी आहेत ते. त्यांनी रात्रीच्या शेवटच्या फेरीत बस रिकामी असायची तेव्हा काय काय दिसायचं ते सांगितलं. तलफ मिनिटभर वाढत गेली, छातीत गोळा आल्यासारखं झालं आणि मग ती उतरायला लागली. खरंच उतरली. तलफ काही मिनिटांचीच असते हे मी वाचलं होतं, पण उभं राहून ती ओसरताना बघितली ती त्या रात्री. ‘आता नळाखाली धरा,’ काका म्हणाले. कागद भिजून सुटला, तंबाखूचे तपकिरी तुकडे बेसिनच्या जाळीवर पसरले, आणि ते बोटांनी गोळा करताना त्या ओल्या वासाने मला शिसारी आली. हाच वास मी सतरा वर्षं अंगावर घेऊन फिरत होते. फोन ठेवला तेव्हा अकरा मिनिटं झाली होती.

झुरका घेतला की निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. इतक्या झटपट दिलासा देणाऱ्या गोष्टीपुढे तत्त्व, निश्चय, छातीचा एक्स-रे सगळं फार सावकाश चालणारं आहे. तितक्याच झटपट काहीतरी हाताशी लागतं, आणि फोन उचलणारं माणूस तसं असतं. घरच्यांच्या प्रेमाने हे का होत नाही, असं तुमच्या मनात येईल. तुमच्यासमोर मला चांगली मुलगी राहायचं असतं. काकांसमोर नुसती तलफ आलेली बाई असले तरी चालतं.

त्रेचाळिसाव्या दिवशी मी ओढली. एका सहकाऱ्याच्या निरोपसमारंभात, एक पूर्ण. दोन दिवस गटातल्या कुणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी नर्सताईंचाच फोन आला. बैठकीत मान खाली घालून सांगितलं, तर कुणी चुकचुकलंसुद्धा नाही. ताईंनी एवढंच विचारलं, ‘कुठे उभी होतीस? कोण शेजारी होतं? पाकीट कुणी पुढे केलं? त्याआधी जेवली होतीस का?’ सगळ्यांनी मिळून ती संध्याकाळ उलगडली, आणि लक्षात आलं की मी उपाशी होते, दमले होते आणि दारापाशी, ओढणाऱ्यांच्या घोळक्यातच उभी होते. तिथून हलले असते तर कदाचित टळलं असतं. पाय घसरला म्हणजे जिना संपला असं नाही, पण घसरल्याच्या शरमेने माणूस उरलेल्या पायऱ्या स्वतःहून उतरतं. माझ्या आधीच्या चारही वेळा तशाच गेल्या होत्या. म्हणून मी आजही ४१२ मध्ये तो दिवस मोजते. गटातल्या काहींना ते पटत नाही, ते पुन्हा एकपासून मोजतात. मला माझं मोजणं बरोबर वाटतं.

बाकी बारीकसारीक बरंच आहे. पहिल्या आठवड्यात रात्रभर छाती धडधडायची, हात कापायचे. ताईंनी कॉफी निम्मी करायला लावली. सिगरेटच्या धुरामुळे यकृत कॅफिन भराभर निकालात काढत असतं. धूर थांबला की तेवढीच कॉफी अंगात जास्त वेळ रेंगाळते, आणि आपल्याला वाटतं हे सगळं सिगरेट सोडल्याचंच दुखणं आहे. वजन साडेचार किलो वाढलं. अजूनही कधीकधी स्वप्नात ओढते आणि दचकून उठते, बोटं हुंगून बघते. हे काकांना पाच वर्षांनंतरही होतं, असं त्यांनी सांगितलं तेव्हा केवढा धीर आला.

आता बाबा, तुमच्याकडे येते.

मी नऊ वर्षांची होते. एका पावसाळ्यात तुम्ही अचानक आमच्याशी बोलेनासे झालात. संध्याकाळी बाल्कनीत कठड्याला धरून उभे असायचात, उजव्या हाताची बोटं सारखी एकमेकांवर घासत. एकदा माझ्या हातून पट्टी फरशीवर पडली, तेवढ्या आवाजाने तुम्ही असे ओरडलात की मी आईच्या मागे लपले. त्या रात्री तुम्ही जेवलाही नाहीत. माझं काहीतरी चुकलं आहे असं मला वाटलं होतं, आणि काय चुकलं ते शोधत मी कित्येक दिवस घालवले. पंधरा-वीस दिवसांनी तुम्ही पुन्हा पहिल्यासारखे झालात. कुणी काही बोललं नाही. तुमचा पितळी ॲशट्रे त्याच सुमाराला टेबलावरून उठला आणि पुढे आई त्यात टाचण्या ठेवायला लागली. हे दोन्ही मला आठवत होतं. पण एकाचा दुसऱ्याशी संबंध तीस वर्षांत कधी जोडला नव्हता.

तो जुळला गटात. पहारेकरी काका एकदा सांगत होते, ‘पहिले पंधरा दिवस मी माणसात नव्हतो. पोर जवळ आली तरी अंगावर जायचो. तिला वाटलं असेल, बापाचं आपल्यावरचं प्रेम उडालं.’ आणि मला सगळ्यांसमोर रडू कोसळलं. निकोटिन तुटल्यावर चिडचिड, झोप उडणं, कशात लक्ष न लागणं, हे सगळं पहिल्या दोन-तीन दिवसांत टोकाला जातं आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. पंधरा-वीस दिवस, बाबा. अगदी तेवढेच.

तुम्हाला तेव्हा पट्ट्या नव्हत्या, रात्री साडेअकराला फोन उचलणारं कुणी नव्हतं, ‘माझंही असंच झालं होतं’ म्हणणारं कुणी नव्हतं. तुम्ही नुसता कठडा धरून उभे राहिलात. मी मात्र ते तुमचं रागावणं म्हणून लक्षात ठेवलं. त्याबद्दल मला तुमची माफी मागायची आहे.

ब्रिटनमधल्या ३४ हजारांहून जास्त डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षं मागोवा घेतलेला एक अभ्यास आहे, रिचर्ड डॉल यांचा. आयुष्यभर ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी जातात, आणि चाळिसाव्या वर्षाच्या सुमाराला सोडली तर त्यातली सुमारे नऊ वर्षं परत मिळतात, असं त्यात निघालं. तुम्ही चाळिसाव्या वर्षी सोडलीत, आज एकाहत्तरचे आहात. सरासरीवरून एका माणसाचं आयुष्य मोजता येत नाही हे मला कळतं, पण फोनवर तुमचा आवाज आला की मला हा आकडा आठवतो.

दुसराही एक अभ्यास सांगते, तो मला जास्त जवळचा वाटतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या हृदयाच्या नोंदी ठेवल्या जातात. त्यातल्या १२,०६७ माणसांची १९७१ ते २००३ या काळातली नातीगोती निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी जुळवून पाहिली आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केली. माणसं सिगरेट एकेकटी सोडत नाहीत, घोळक्याच्या घोळक्याने सोडतात, असं त्यांना दिसलं. नवरा-बायकोतल्या एकाने सोडली की दुसऱ्याची ओढण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटते, मित्राने सोडली की ३६ टक्क्यांनी, भावंडाने सोडली की २५. बाप-लेकीचा आकडा मी शोधला नाही. आपल्या बाबतीत मधे एकतीस वर्षांची चुप्पी गेली, तो तसाही लागू पडला नसता.

मागच्या महिन्यात आमच्याकडे एक नवीन बाई आल्या. दाराशीच घुटमळत होत्या, पर्सचा पट्टा घट्ट धरून. मी उठून खुर्ची सरकवली. त्यांच्याशी काय बोलायचं ते मला तोंडपाठ होतं, तरी तोंडून फक्त ‘शेवटची कधी?’ एवढंच निघालं. त्यांनी परवा रात्री मला फोन केला. मी त्यांना पाणी घ्यायला सांगितलं आणि त्यांच्या खिडकीतून काय दिसतं ते ऐकत बसले. त्या रात्री मला स्वतःला एकदाही तलफ आली नाही.

बाबा, मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. शेवटची कुठे ओढलीत? हातांचं काय केलंत? कधी चोरून ओढलीत का? ओढली असली तरी सांगा, आमच्यात कुणी चुकचुकत नाही. आणि आई, त्या दिवसांत तू काय करत होतीस, खिडकी उघडण्याशिवाय? तो पितळी ॲशट्रे अजून आहे का? असला तर टाचण्या काढू नकोस, तसाच राहू दे. मी आले की बघेन.

रविवारी संध्याकाळी फोन करीन. फोन आई उचलेल हे मला माहीत आहे. पण आई, या वेळी आधी बाबांकडे दे.

तुमची,
धाकटी