चारित्र्याचा दाखला मागता, ऑक्सिजनची बाटली कोण तपासतं?

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

आम्ही लक्षद्वीपला डायव्हिंगला, म्हणजे हवेची टाकी पाठीवर बांधून समुद्रात बुडी मारायला, जातो. तिथल्या जहाजांच्या तारखा हंगामाआधी जाहीर होतील, असा शब्द आपण भर सभेत दिला होता. दिवाळी उलटली, तारखांचा पत्ता नाही. भुसावळ-जळगाववरून जाणाऱ्या मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेसचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. जहाजाची खात्री नसताना तिकीट काढलं तर रद्द करण्याचा भुर्दंड, थांबलं तर जागा नाही. एर्नाकुलमपर्यंत दिवसाहून जास्त रेल्वे, पुढे कोचीहून 14 ते 18 तास बोट. रावेर-यावलचा माणूस केळीच्या पैशातून हा खर्च करतो, पण वेळापत्रक ठरवताना खानदेश कुणाच्या ध्यानीमनीही नसतो.

तरी तारखांपेक्षा आमचा मोठा संताप वेगळ्या गोष्टीवर आहे. लक्षद्वीपच्या प्रवेश परवान्यासाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. खुशाल मागा. सगळ्या बेटांची जमीन मिळून जेमतेम 32 चौरस किलोमीटर, गोड्या पाण्याचा साठा तुटपुंजा. तिथे माणसं मोजूनच सोडली पाहिजेत. पण कडमत किंवा बंगाराम बेटाच्या प्रवाळावर उतरणाऱ्याला पाण्यात ना वर ना खाली, एका जागी राहता येतं का, हे त्या अर्जात कुणी विचारत नाही.

ते न येण्याचे परिणाम ऐका. नवखा लवकर पाण्याखाली जावा म्हणून कमरेला दोन-तीन किलो शिसं जास्त बांधतात. पाय खाली लोंबतात. तोल सावरायला तो अंगातल्या फुगवता येणाऱ्या जॅकेटात हवा भरतो. थोडा वर सरकला की दाब कमी होऊन तीच हवा फुगते आणि त्याला आणखी वर खेचते. घाबरून सगळी हवा सोडली की तो थेट प्रवाळावर आदळतो. पायातल्या फिनच्या (पोहण्याच्या वल्ह्यासारख्या पट्ट्याच्या) एका फटक्यात फांदीदार प्रवाळ मोडतं, उडालेली वाळू उरलेल्यावर बसते. दगडासारखं घट्ट पोराइट्स जातीचं प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं! 1972च्या वन्यजीव कायद्यात कठीण प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीने. मग बोटींना बांधायला कायमचे बोये का नाहीत? नांगर प्रवाळावर पडला की एका खेपेत अनेक वर्षांची वाढ जाते.

आणि माणसाचा जीव? 10 मीटरवर दाब दुप्पट होतो. श्वास रोखून वर आलं तर फुफ्फुस फाटू शकतं. वर येताना मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त वेग नको, 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं, टाकीत 50 बार (बार हे दाबाचं माप) हवा शिल्लक असताना पृष्ठभागावर यायचं. लागोपाठ बुड्या मारल्या तर विमानात बसण्याआधी किमान 18 तास हवेत. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत बुड्या आणि सकाळी अगत्तीहून विमान, अशी सहल विकायला लेखी बंदी हवी. अपघात झाला तर रुग्णाला मिनिटाला 15 लिटर ऑक्सिजन लागतो. 200 बारची 5 लिटरची बाटली म्हणजे 1000 लिटर, ती तासाभरात संपते. जवळच्या बेटावरच्या दवाखान्यात पोहोचायला त्याहून जास्त वेळ लागणार असेल, तर बोटीवर एक बाटली ठेवून काय उपयोग?

आमच्याकडे शाळांना सुट्टी मे महिन्यात लागते आणि गर्दी तेव्हाच होते. तिथलं पाणीही एप्रिल-मेमध्येच सर्वांत तापतं. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाहून एक अंश जास्त, तेही चार आठवडे टिकलं, की प्रवाळ पांढरं पडू लागतं. 1998, 2010 आणि 2016 मध्ये लक्षद्वीपने हे भोगलं आहे. अशा काळात बुडीच्या जागा बंद करा आणि प्रवाशाचे पैसे परत द्या. आम्ही तक्रार करणार नाही.

साहेब, आपली सगळी यंत्रणा शिक्का पाहते, काम पाहत नाही. तलावातलं प्राथमिक प्रशिक्षण जळगाव-धुळ्यातच होऊ शकतं: मास्कमधलं पाणी काढणं, तोंडातून निसटलेला रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं साधन) परत शोधणं, कान दर मीटरला मोकळे करणं, आणि तळाला न टेकता दहा मिनिटं तरंगणं. हे तपासून प्रशिक्षकाने सही करावी, डॉक्टरने दमा, कान, हृदय पाहून दुसरी. दोन्ही कागद परवान्याला जोडणं सक्तीचं करा. जहाजाच्या तारखा रेल्वेचं आरक्षण उघडण्याआधी, म्हणजे किमान 75 दिवस आधी, जाहीर करा. याचं उत्तर लेखी हवं, सभेतलं नको.

आपले,
खानदेशातले डायव्हिंग करणारे नागरिक