बाबांनी फोनवर विचारलेलं

फोर्ट लॉडरडेल, १७ ऑगस्ट

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

आई, मोतिबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांना माझं अक्षर लागत नाही, म्हणजे हे पत्र तूच त्यांना वाचून दाखवणार. म्हणून आधी तुझीच परवानगी मागते. गेल्या रविवारी बाबांनी विचारलं, "गो, थंय डायव्हर मेल्यार काय करतत?" आणि तू "भलतासलता काय बोलतास" म्हणत फोन काढून घेतलास. मीही लगेच पावसापाण्याचं विचारलं. त्या रात्री मला झोप आली नाही. अँजिओप्लास्टी झालेला ७८ वर्षांचा माणूस काहीतरी सरळ विचारतो आणि आपण दोघी मिळून त्याला गप्प करतो, हे बरं झालं नाही.

बाबा, उत्तर मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुम्हाला काळजी नको म्हणून सांगितलं नव्हतं. माझी डायव्हिंगची जोडीदार, त्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, मार्चमध्ये गेल्या. आठ वर्षं आम्ही पाण्याखाली एकमेकींच्या हवेवर लक्ष ठेवलं. अस्थी नेपच्यून मेमोरियल रीफमध्ये ठेवायच्या, असं त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. मायामीजवळ की बिस्केन नावाचं बेट आहे, त्याच्या पूर्वेला सव्वातीन मैलांवर ही जागा आहे. खोली जेमतेम १२ मीटर. कोचीच्या नौदलाच्या डायव्हिंग शाळेत शिकलेल्या माणसाला हे गुडघाभर पाणी वाटेल.

तिथे २००७ पासून अस्थी ठेवतात. बुडालेलं जुनं नगर असावं तशी रचना आहे: खांब, कमानी, सिंहांचे पुतळे. अस्थींची राख सिमेंटमध्ये कालवून साच्यात ओततात. शिंपला, तारामासा, असे आकार असतात. मग डायव्हर तो आकार खाली नेऊन पक्का बसवतो आणि शेजारी नावाची पट्टी लावतो. बाईंचा शिंपला आहे. त्यांचे यजमान आमच्याबरोबर उतरले होते. त्यांनी हातमोजा काढून शिंपल्यावर तळवा ठेवला आणि टाकीतली हवा संपत येईपर्यंत उचलला नाही. शेवटी मीच त्यांना अंगठ्याने वर चलायची खूण केली.

प्रवेशद्वाराच्या एका खांबात बर्ट किलब्राइड आहेत. ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर बुडालेली जहाजं शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं, नव्वदीतही ते डायव्हिंग करत होते. २००८ मध्ये ९३ व्या वर्षी गेले. बाबा, तुम्हाला ते आवडले असते.

दुसरी पद्धत मला जास्त भावली. इथल्या दोन मित्रांनी कॉलेजात असताना डायव्हिंग करताना प्रवाळ मरत चाललेलं पाहिलं, आणि त्यातून पुढे रीफ बॉल निघाले: घुमटासारखे, भोकं असलेले सिमेंटचे पोकळ गोळे. त्यांचं सिमेंट समुद्राच्या पाण्याला मानवेल असं केलेलं असतं. भोकांतून पाणी खेळतं, मासे आत शिरतात, वर प्रवाळ धरतं. त्यांच्यातल्या एकाच्या सासऱ्यांनी आपली राख अशाच गोळ्यात घालायला सांगितली. १९९८ मध्ये सारासोटाजवळ ती खाली गेली आणि तिथून इटर्नल रीफ्स या संस्थेचं काम सुरू झालं. घरची माणसं स्वतः राख कालवतात आणि ओल्या सिमेंटवर हाताचे ठसे उमटवतात. लहान नातवंडांचेसुद्धा.

ज्यांना सिमेंट नको, ते मिठाच्या किंवा कागदाच्या कुंभात राख नेतात. कुंभ पाण्यात विरघळून जातो. काही जण खाली गोल करून थांबतात आणि मध्ये राख सोडतात. जड कण सरळ तळाला जातात, बारीक राख मात्र धुरासारखी प्रवाहाबरोबर निघून जाते. इथे नियम असा की अस्थी किनाऱ्यापासून निदान तीन सागरी मैल दूर सोडायच्या आणि ३० दिवसांच्या आत सरकारच्या पर्यावरण खात्याला कळवायचं. खरी फुलं चालतात, प्लॅस्टिकची नाहीत. झेंडू चालतो, आई.

आता तुझ्याशी बोलते. बाईंच्या शिंपल्याबद्दल एकदा ओझरतं सांगितलं तेव्हा तू म्हणाली होतीस, अस्थी सिमेंटात अडकवल्यावर तो जीव सुटणार कसा? त्यावर मी खूप विचार केला. आपण तिसऱ्या दिवशी सावडतो आणि वाहत्या पाण्यात सोडतो, मागे काहीच उरू नये म्हणून. तुझं म्हणणं मला पटतं. पण आजीच्या वेळचंही मला आठवतं. देवबागच्या संगमावर बाबा आणि काका होडीतून गेले, कर्ली जिथे समुद्राला मिळते तिथे अस्थी सोडल्या. तू वाळूवर उभी होतीस. घरी आल्यावर आजीचं लुगडं घडी करून तू कपाटात ठेवलंस, ते अजून तिथेच आहे. दरवर्षी उन्हं दाखवतेस.

मला वाटतं, परवा तू फोन काढून घेतलास तो अभद्र बोलण्यामुळे नव्हे. बाबा समुद्रात गेले तर तू कुठे जायचंस, हा तुझा प्रश्न होता. तुला पाण्याची भीती. सगळं आयुष्य तू किनाऱ्यावर उभी राहून या माणसाच्या वर येण्याची वाट पाहिलीस. इथे नवरा-बायकोच्या अस्थी एकत्रही ठेवतात. हे वाचताना तुझा आवाज बसला तर थोडी थांब, घाई नाही.

बाबा, मालवणच्या पाण्यात आपल्या मनाने सिमेंट टाकायचं नाही, हे तुम्ही मला सांगायची गरज नाही. १९८७ पासून ते सागरी अभयारण्य आहे आणि तिथलं प्रवाळ आधीच थकलेलं आहे. आणि तुम्हाला या फ्लोरिडाच्या पाण्यात मी ठेवणार नाही. हे पाणी माझं आहे, तुमचं नाही. तुमची इच्छा तीच असेल तर देवबागलाच, आजी गेली तिथेच, होडीतून. थोडी राख मी स्वतः खाली घेऊन जाईन, हात उघडेन आणि ती पुरती विरून जाईपर्यंत थांबेन. होडीवर आठ घंटा वाजवू, नौदलात पहारा संपल्यावर वाजवतात तशा. पण हे मी एकटीने ठरवायचं नाही. आईच्या तोंडून "चलात" ऐकल्याशिवाय मी काही करणार नाही.

डिसेंबरात तीन आठवडे येते आहे. एका सकाळी लवकर, पर्यटकांच्या बोटी सुटायच्या आधी, आपण तिघं संगमावर जाऊ. बाबांनी पाण्यात उतरायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलेलं मला पाठ आहे. पण आजीच्या अस्थी नेमक्या कुठे सोडल्या ती जागा मला दाखवायची, कारण तुमच्याशिवाय आता ती कोणाला ठाऊक नाही. आई, तू होडीत मधल्या फळीवर बस, दोन्ही बाजूंना आम्ही आहोत. लाइफ जॅकेट मी इथून तुझ्या मापाचं आणते, तिथली तुला मोठी होतात. ओटीचं नारळ-तांदूळ तू घे.

जेवणानंतरची गोळी बाबा खिशात ठेवून विसरतात, लक्ष असू दे.

तुमची,
शमा