प्राथमिक वर्गात आधी गाणे, खेळ आणि लय, परीक्षा नंतर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शाळाशाळांतून स्नेहसंमेलनांची तयारी सुरू झाली आहे आणि दरवर्षीप्रमाणे याही वर्षी पहिली ते चौथीचा संगीताचा तास म्हणजे ध्वनिक्षेपकावर मोठ्याने लावलेल्या चित्रपटगीतावर हातवारे बसवण्याचा तास होऊन बसला आहे. मुलांनी हौसेने नाचावे, त्याला माझी हरकत नाही. परंतु महिना-दीड महिना चालणाऱ्या या तालमींत मूल स्वतः एक ओळही गात नाही आणि हे शिक्षक, पालक किंवा शिक्षण विभाग यांपैकी कोणालाही खटकत नाही, याचे वाईट वाटते. नाशिकमध्ये प्राथमिक शिक्षिका म्हणून बरीच वर्षे काम केल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की, संगीताचा पाया घालण्याचे वय हेच आहे, ते काम वर्गशिक्षकच करू शकतो आणि त्यासाठी पेटी-तबल्यापेक्षा गाणी, खेळ आणि टाळ्या यांची नीट आखणी अधिक महत्त्वाची आहे.

वर्गशिक्षकाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. पण ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही पट शंभराच्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीसाठी तशी तरतूद नाही. त्यामुळे पेठ किंवा सुरगाणा तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेत कधी तरी संगीत शिक्षक येईल, अशी वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. दुसरीकडे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० हे तीन ते आठ वर्षांच्या मुलांचे शिक्षण खेळातून व्हावे, असे सांगते. जो शिक्षक या मुलांना भाषा आणि गणित शिकवतो, त्याच्याच हाती त्यांचे गाणेही आहे, हे एकदा मान्य केले की पुढचा मार्ग सोपा होतो.

यावर शिक्षकांचे पहिले उत्तर ठरलेले असते : ‘मला गाता येत नाही.’ म्हणून सुरुवात गाण्याऐवजी लयीपासून करावी, असे मी सुचवीन. नाशिकच्या मुलांना बाजार समितीचा माल सांगावा लागत नाही. ‘कांदा’ हा शब्द दोन टाळ्यांत म्हणावा, एका टाळीला एक अक्षर. तेवढ्याच वेळात ‘मटकी’ म्हणायची तर ‘म’ आणि ‘ट’ पहिल्या टाळीत बसवावे लागतात आणि ‘की’ला दुसरी टाळी पूर्ण मिळते. ‘पालक’मध्ये नेमके उलटे होते. ‘पडवळ’ म्हणताना प्रत्येक टाळीला दोन दोन अक्षरे येतात. (बोलताना आपण ही अक्षरे जोडून उच्चारतो, खेळात ती सुटी म्हणायची.) मग वर्गाचे दोन गट करून एकाने संथपणे ‘कांदा’ धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने त्यावर ‘मटकी’ म्हणायची. दुसरीतले एखादे मूल घाई करू लागले की त्याला दटावावे लागत नाही. शेजारच्या गटाची टाळी आपल्या ‘की’वर पडेनाशी झाल्याचे त्याचे त्यालाच ऐकू येते, ते क्षणभर गप्प होते आणि पुढच्या टाळीला पुन्हा शिरते. लय सांभाळणे म्हणजे काय, हे इतक्या स्पष्टपणे कोणत्याही व्याख्येतून समजणार नाही.

हेच चार शब्द ओळीने म्हटले की आठ मात्रांचे एक आवर्तन पूर्ण होते. त्यातल्या तिसऱ्या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर, म्हणजे पाचव्या मात्रेला, टाळी न देता हात हवेत मोकळा सोडायला शिकवावे. केरवा या तालाची सम (पहिली मात्रा) आणि खाली (टाळीऐवजी हात मोकळा सोडण्याची मात्रा) मुलांच्या अंगात अशी अलगद उतरते. तालाचे नाव तिसरी-चौथीत सांगितले तरी काही बिघडत नाही. शिवाय माध्यमिक शाळेत वृत्ते शिकताना लघू-गुरूच्या ज्या खुणांना मुले घाबरतात, त्या खुणांमागचा काळ त्यांनी सातव्या वर्षीच हाताने मोजलेला असतो.

स्वराकडे जायचे तर हजेरीसारखी दुसरी संधी नाही. शिक्षकाने मुलाचे नाव पंचमावरून (प) गंधारावर (ग) उतरणाऱ्या दोन स्वरांत घ्यावे आणि मुलाने त्याच स्वरांत ‘हजर’ म्हणावे. वेळ जादा लागत नाही आणि प्रत्येक मुलाचा आवाज रोज एकट्याने कानावर पडतो, जे समूहगीतात कधीच घडत नाही. सहा-सात वर्षांच्या कित्येक मुलांना स्वर जुळवायला वेळ लागतो. ते वयाला धरूनच आहे. तरीही समूहगीताच्या तालमीत ‘तू फक्त ओठ हलव, आवाज काढू नको’ असे एका मुलीला सर्वांदेखत सांगितलेले मी एका शाळेत स्वतः ऐकले आहे. स्पर्धेचे बक्षीस कदाचित त्यामुळे मिळाले असेल, पण त्या मुलीने पुढे कधी मोकळ्या गळ्याने गाणे म्हटले असेल, असे मला वाटत नाही. बेसूर हा शिक्का प्राथमिक वर्गातून हद्दपारच झाला पाहिजे.

गाण्याची निवडही विचारपूर्वक व्हावी. आठ वर्षांखालील मुलांसाठी गाणे पाच-सहा स्वरांच्या आत फिरणारे हवे. शिक्षकांनी आपल्या सोयीच्या खर्जात सुरुवात केली की मुले घुमतात आणि ध्वनिक्षेपकावरच्या तार स्वरामागे धावली की ओरडतात. दोन्हींत गळा बिघडतो.

खेळ आणि गाण्यांतून संगीत शिकवणे ही हलकीफुलकी करमणूक आहे, असे ज्यांना वाटते, त्यांनी हंगेरीकडे पाहावे. झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) या संगीतकाराने मुलांचे संगीतशिक्षण मातृभाषेतल्या लोकगीतांवर आणि गळ्यावर उभे केले आणि १९५० साली त्याच्या जन्मगावी, केच्केमेत येथे, रोज गाणे शिकवणारी प्राथमिक शाळा सुरू झाली. वर सांगितलेल्या हजेरीतल्या उतरत्या स्वरांच्या जोडीनेच त्या पद्धतीतही सुरुवात होते. जर्मनीत कार्ल ऑर्फने शब्दोच्चार, हालचाल आणि साधी वाद्ये यांची सांगड घातली. या पद्धतींची नक्कल करा, असे माझे म्हणणे नाही. लोकगीते आणि खेळ आपल्याकडे मुबलक आहेत. त्यांच्याकडे संगीताचा पाठ म्हणून पाहायला मात्र आपण तयार नाही.

भोंडल्याचेच घ्या. पाटावर हत्तीचे चित्र, त्याभोवती फेर, प्रत्येक पाऊल मात्रेवर, एकीने ओळ सुरू करायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. काही गाणी तर कडव्यागणिक लांबत जातात आणि मुलांना मागचे सारे क्रमाने ध्यानात ठेवावे लागते. लय, स्वर, स्मरण आणि एकमेकांचे ऐकणे हे सगळे यात आहे. आज बहुतेक शाळांत तो छायाचित्रांपुरता एका दुपारचा कार्यक्रम उरला आहे. तो आश्विनातले काही दिवस रोज थोडा वेळ व्हावा आणि मुलग्यांनाही फेरात घ्यावे. झिम्मा, फुगडी, टिपऱ्या, लेझीम यांचेही तसेच. गणेशोत्सवानंतर आमच्या वर्गातली मुले बाकावर नाशिक ढोलाचे ठेके वाजवत असत आणि वरिष्ठांकडून शांतता राखण्याची सूचना येत असे. वास्तविक तो ठेका शिक्षकाने उचलून हळू-जोरात, संथ-जलद, एकट्याने-सर्वांनी असा वाजवून घेतला, तर त्याच बाकावर उत्तम पाठ होतो. पश्चिमेकडच्या आदिवासी पाड्यांवर तर पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या सुरावर फेर धरणाऱ्यांत वाढलेली मुले वर्गात बसलेली असतात. तेथे बाहेरून गेलेल्या शिक्षकाने प्रथम मुलांकडून शिकावे, हे उचित.

मुलांना अजून वाचता येत नाही, मग गाण्यांना वेळ कोठून आणायचा, असा आक्षेप घेतला जातो. निपुण भारत अभियान २०२१ साली सुरू झाल्यापासून वाचन-गणिताचा दबाव शिक्षकांवर आहे, हे मी जाणते. शब्द अक्षरांत फोडून ऐकता येणे ही वाचनाची पहिली पायरी आहे आणि टाळ्यांच्या खेळात मूल नेमके तेच करते. त्यामुळे हा वेळ वाया जात नाही. मात्र संगीताची किंमत तेवढ्यावरच ठरवू नये. मुलाला गाता यावे, ही अपेक्षा स्वतःच्या पायांवर उभी राहण्याइतकी मोठी आहे.

पालकांनाही एक विनंती आहे. सहाव्या वर्षी मूल परीक्षेच्या वर्गाला घालून अलंकारांची (ठरावीक स्वररचनांची) पाठांतरे करून घेण्याची घाई करू नये. जो स्वर कानाने ओळखलेला नाही, त्याचे चिन्ह वहीत लिहून उपयोग नाही. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करून संगीत सर्वसामान्यांसाठी खुले करणारे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी उत्तरायुष्यात नाशिकला आश्रम स्थापन केला आणि त्यांचे पुत्र द. वि. पलुस्कर यांचा जन्म १९२१ साली याच गावात झाला. या गावातल्या प्रत्येक मुलापर्यंत, केवळ शुल्क भरू शकणाऱ्यांपर्यंत नव्हे, संगीत पोहोचावे, ही अपेक्षा म्हणूनच अवाजवी नाही.

जिल्हा परिषद आणि महानगरपालिका यांच्या शिक्षण विभागांनी आगामी केंद्रस्तरीय शिक्षण परिषदांपैकी एक संपूर्ण परिषद या विषयाला द्यावी. तीत भाषणे आणि सादरीकरणे न ठेवता शिक्षकांनी स्वतः गोलात उभे राहून खेळ खेळावेत आणि प्रत्येकाने निदान पाच गाणी व पाच लयीचे खेळ घेऊन आपल्या शाळेत परतावे. आठवड्यातून एकदाच्या तासाऐवजी रोज पंधरा मिनिटे राखून ठेवावीत आणि तिसरीपर्यंत या विषयाला गुण देऊ नयेत. साहित्यासाठी वेगळ्या निधीचीही गरज नाही. टिपऱ्या, करवंट्या आणि खडे भरलेले डबे पुरतात. माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकांना बोलावल्यास आम्ही विनामानधन येऊ, मग परिषद शहरात असो वा सुरगाण्यात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
पंचवटी, नाशिक