शर्ट फाटलेला नाही, कापलाय

डॅलसजवळ, टेक्सास
२० सप्टेंबर

तीर्थरूप बाबा आणि आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवते, झोपते, उन्हाने रापलेय एवढंच. फोनवर आई रडायला लागते, मग मीही, आणि सांगायचं ते राहून जातं, म्हणून पत्र. बाबा, आईला सावकाश वाचून दाखवा.

आधी तो फोटो. आई, शर्ट फाटलेला नाही, कापलाय. इथे शिकणाऱ्याने पहिल्यांदा एकट्याने विमान उडवलं की उतरल्याबरोबर शिक्षक कात्री घेऊन येतात आणि शर्टाची पाठ चौकोनी कापून काढतात. तुकड्यावर नाव-तारीख लिहून तो भिंतीला लावतात. कारण असं सांगतात की जुन्या विमानांत विद्यार्थी पुढे बसायचा, शिक्षक मागे. रेडिओ नाही, वर इंजिनाचा गडगडाट. मग काही सांगायचं तर मागून शर्ट ओढायचा. एकट्याने जमलं म्हणजे आता ओढणारं कुणी लागत नाही, म्हणून पाठ गेली! आणि ज्याचा शर्ट जातो तोच जास्त हसतो. हुशार लोक त्या दिवशी जुना शर्ट घालून जातात. मला मात्र आज एकटीला सोडतील हे माहीत नव्हतं, त्यामुळे तू शिवून दिलेला निळा गेला. कॉलर आणि बाह्या शाबूत आहेत.

तर हो, मी एकटीने उडवलं. तीन चकरा. आधी सांगितलं असतं तर तुम्ही रात्रभर जागला असता.

आता त्या बेसी कोलमनचं. मी फोनवर नुसतं नाव घेतलं आणि दादाने मोबाईलवर बघून आईला एवढंच सांगितलं की ती विमानातून पडून गेली. वाचायचं तर पूर्ण वाच ना रे!

पाकिटात चिकटपट्टीने लावलेलं नाणं बघा. पंचवीस सेंटचं आहे, दुकानात सुट्ट्यात आलं. त्यावरची बाई तीच, खाली तारीख आहे १५ जून १९२१, तिला परवाना मिळाला तो दिवस. वैमानिकाचा परवाना मिळवणारी अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय बाई. ती वाढली वॉक्सहॅचीला, इथून फार लांब नाही. तिकडची माती आपल्या वावरासारखीच काळी, पावसात बुटाला किलोभर चिकटते. आणि पीक कापसाचं! १८९२ चा जन्म, तेरा भावंडांतली दहावी. शाळा चार मैल लांब, एका खोलीची, आणि वेचणी आली की बंद. बाप १९०१ मध्ये ओक्लाहोमाकडे निघून गेला, आई लोकांच्या घरी कामाला जायची आणि नऊ वर्षांची बेसी धाकट्या बहिणींना सांभाळायची. तिच्या आईला वाचता येत नव्हतं, पण फिरत्या वाचनालयाची गाडी आली की ती पोरीसाठी पुस्तकं घ्यायची.

बेसी हिशोबात पक्की. कापूस मोजताना मुकादमाचं लक्ष नसलं की काट्यावर हळूच पाय ठेवायची असं सांगतात. आई, तुला हे आवडेल. आपल्याकडे काटा मारणारा नेहमी समोरचाच असतो.

पुढे लोकांचे कपडे धुऊन पैसे जमवले, कॉलेजला गेली, एका सत्रात पैसे संपले. १९१५ मध्ये शिकागोला जाऊन केशकर्तनालयात लोकांची नखं नीट करायची. भाऊ महायुद्धावरून परतला आणि चिडवायला लागला, फ्रान्सच्या बायका विमान उडवतात, तुला काय येतं? (दादा, सायकलवरून पडले तेव्हा तू काय म्हणाला होतास?) काळी, त्यात बाई, म्हणून इथल्या एकाही शाळेने घेतलं नाही. मग फ्रेंच शिकली आणि फ्रान्सला जाऊन परवाना काढला.

आणि ती गेली १९२६ मध्ये. दुसऱ्या दिवशी पॅराशूटने उडी मारायची जागा वरून बघायची होती, म्हणून तिने पट्टा सोडला होता. विमान दुसराच चालवत होता. यंत्रात विसरलेला पाना अडकला, विमान उलटलं. मी पट्टा लावते. निघण्याआधी यादी वाचून सगळं तपासतो, सुकाणू मोकळं फिरतं का तेही. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आता काळजी करू नका.

पैशांचं लिहायचं टाळत होते. अजून साडेतीन लाख लागतील. वाऱ्यामुळे मागच्या आठवड्यात तीनदा उतरता उतरता परत वर जावं लागलं आणि तास वाढले. एक तास म्हणजे अडीच क्विंटल कापूस. असा हिशोब वर असताना करू नये, पण होतो. नाल्याकाठचं वावर आधीच गहाण आहे, दुसरं ठेवू नका. मामांना विचारा, मी नोकरी लागताच फेडीन. अमरावतीच्या स्थळाला सध्या नाही म्हणा, पण गोड बोलून. आणि दादाचं लग्न माझ्यापायी पुढे ढकललं हे मला मावशीकडून कळलं. तुम्ही का नाही सांगितलं? मुहूर्त धरा. मी आले नाही तरी चालेल, म्हणजे चालवून घेईन.

पहिला वेचा झाला का? आजीला नमस्कार.

तुमची,
छोटी

ता. क. पैसे पाठवताना बँकेच्या फॉर्मवर कारण ‘शिक्षण’ असंच लिहा. आणि आई, नवा शर्ट शिवायला घेऊ नकोस.