आई-बाबा, आपल्या कॉलनीतली माणसं लिहून ठेवूया

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही आणि आई, तू निम्म्यातच "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलतेस. म्हणून या वेळी पत्र लिहितेय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तरी चष्मा सापडला नाही तर आई, तू वाचून दाखव.

आपल्या कॉलनीतल्या आक्कांच्या रक्षाविसर्जनाला येऊन गेले, पण पै-पाहुण्यांच्या गर्दीत आपलं काहीच बोलणं झालं नाही. पेपरातली निधनवार्ता कापून तू माझ्या पर्समध्ये ठेवली होतीस, ती परत येताना एसटीत वाचली. कळंबा रोडला राहणाऱ्या, वय ९१, वृद्धापकाळाने निधन, पश्चात दोन मुले, मुलगी, सुना, नातवंडे, परतवंडे असा परिवार. चार ओळी. पेपरवाल्यांना जागा तेवढीच असते, त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. पण मागे कोण राहिलं ते सगळं आलं आणि जी बाई गेली तिचं त्यात वयाशिवाय काहीच नव्हतं, हे मला फार लागलं.

वय तरी कुठं खरं होतं! आधार कार्डावर त्यांचा जन्म १ जूनचा. आपल्या कॉलनीतली निम्मी म्हातारी माणसं १ जूनलाच जन्मलेली आहेत, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट तीच तारीख लावली. आक्का शाळेत गेल्याच नाहीत, तरी कार्ड काढताना कुणीतरी त्यांनाही तीच देऊन टाकली. त्यांचा स्वतःचा हिशेब वेगळा होता. "गांधीबाबाला मारलं आन् कोल्हापुरात जाळपोळ झाली, त्या वर्साला माझं लगीन झालं." म्हणजे १९४८. "कोयनेचा भूकंप झाला तवा धाकटा पोटात हुता." म्हणजे ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट. त्या रात्रीनंतर कितीतरी दिवस लोक घरात झोपायला धजत नव्हते, हे मी आक्कांकडूनच ऐकलं. त्या पोटुशी होत्या आणि थंडीत अंगणात घोंगडं टाकून बसून राहायच्या. मालक शाहू मिलमध्ये होते, त्यांची पाळी कधी रात्रीची असायची. अशा तारखा जोडत गेलं की आक्कांचं वय बरोबर निघतं आणि त्यांचं आयुष्यही.

आई, तुला आठवतं, मालक गेल्यावर त्यांनी म्हशी वाढवल्या. पहाटे आपल्या दारात त्यांची चरवी यायची. मला आत्ताही दिसतंय ते दुधाचं माप. वर फेस आला की त्या फुंकर मारून तो बाजूला सारायच्या, खालचं दूध मापाच्या काठाला लागलंय याची खात्री करायच्या आणि मगच पातेल्यात ओतायच्या. फेस मोजून पैसे घ्यायचे नाहीत, ही त्यांची रीत. वरून पुन्हा थोडं घालायच्याच. एवढ्या वर्षांत त्यांच्या दुधात पाणी असल्याचं कॉलनीत कुणी बोललेलं मी ऐकलं नाही.

त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीवर शेणी थापलेल्या असायच्या. शिमगा जवळ आला की त्यातल्या निवडक, कडकडीत वाळलेल्या शेणी त्या वेगळ्या रचून ठेवत आणि टेम्पो आला की पंचगंगा स्मशानभूमीला पाठवत. होळी लहान करा आणि शेणी दान करा, हे कोल्हापुरात आता दरवर्षी होतं. पेपरात फोटो येतात, तालमी-मंडळं ट्रॉल्या भरून शेणी देतात. आपल्या महापालिकेकडून अंत्यसंस्कार मोफत होतात ते अशा दानाच्या जोरावर. पुण्यात माझ्या ऑफिसात हे सांगितलं तर लोकांचा विश्वास बसत नाही. आक्का मात्र गाजावाजा न करता कितीतरी आधीपासून देत होत्या. "गरिबाच्या मयताला जळण कमी पडाया नगं," एवढंच म्हणायच्या. परवा त्यांच्या मुलानं सांगितलं की त्यांनाही तसंच, शेणीवरच दिलं. ऐकून मला रडू आलं, पण बरंही वाटलं.

आणखी एक गोष्ट तर नोंदवायलाच हवी. त्यांचं माहेर काळम्मावाडीच्या धरणात गेलं होतं. पाणी चढायला लागलं तेव्हा त्या शेवटचं घर बघायला गेल्या होत्या. परत आल्या त्या पदरात तुळशीची माती बांधून, आणि ती आपल्या कॉलनीतल्या वृंदावनात घातली. २०२३ च्या दिवाळीत थेट पाइपलाइननं काळम्मावाडीचं पाणी कोल्हापुरात आलं. ५० किलोमीटरहून लांबून. इतक्या वर्षांची शहराची मागणी, आंदोलनं, सगळ्या पक्षांची भाषणं, नळाला पाणी आलं तेव्हा जो तो श्रेयाचं बोलत होता. आक्कांनी आपल्या नळाखाली तांब्या धरला, कपाळाला लावला आणि तुला म्हणाल्या, "म्हायारचं पानी आलं गं." आई, हे तूच मला फोनवर सांगितलंस. हे एक वाक्य त्या चार ओळींत असतं तरी पुरे होतं.

बाबा, आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही इतकी वर्षं सोसायटीचे खजिनदार होता आणि जुनी प्रोसिडिंग बुकं अजून तुमच्या लोखंडी कपाटात आहेत. मागच्या खेपेला मी पहिलं पुस्तक चाळलं होतं. आत काय काय आहे! रस्त्यावर मुरूम टाकण्याचा ठराव, विजेच्या खांबासाठी अर्ज, टँकरच्या पैशाची वर्गणी, साप निघतात म्हणून झुडपं तोडण्याचा ठराव. आणि प्रत्येक सभेखाली सह्या. त्यात आक्कांचा अंगठा आहे, जांभळ्या शाईचा, जरा घासलेला. दोन-तीन सभांना अंगठाच आहे. मग एका सभेला अंगठ्याच्या जागी नाव आहे, अक्षरं रेघेच्या वर-खाली गेलेली, पण पूर्ण नाव. ते मास्तरांनी शिकवलं. रोज संध्याकाळी दूध घालून झालं की त्यांच्या ओट्यावर पाटी घेऊन बसायच्या. "मी सही शिकलो गं आता," असं तुला सांगत आल्या होत्या, हे तू मला कितीतरी वेळा सांगितलंस. ती दोन पानं नीट सांभाळा. मी त्यांचे फोटो काढून आक्कांच्या नातवंडांना देणार आहे.

मास्तरांचंही असंच. ते शाहूवाडीकडून शिकायला आले आणि प्रिन्स शिवाजी बोर्डिंगमध्ये राहिले. घरात शिकलेलं कुणी नव्हतं. शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला नसता आणि ही बोर्डिंगं उभी केली नसती तर मी गुरंच राखली असती, असं ते म्हणायचे आणि म्हणताना हात जोडायचे. ६ मे २०२२ ला महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी १० वाजता सगळं कोल्हापूर १०० सेकंद जागच्या जागी थांबलं होतं ना, त्या दिवशी मास्तर काठी टेकत कॉलनीच्या फाटकापर्यंत आले होते. बाबा, तुम्हीच त्यांचा हात धरला होता. १०० सेकंद संपली, वाहनं निघाली, तरी ते हलले नाहीत. तुम्ही सांगत होता, त्यांच्या ओठांवर बोर्डिंगमधल्या मुलांची नावं होती, एकेक करून घेत होते. ती नावं तुम्हाला आठवत असतील तर लिहून ठेवा. त्या मुलांना ओळखणारं आता दुसरं कोण राहिलंय?

तात्यांबद्दल मी जास्त लिहीत नाही, बाबा, कारण ते तुमचे जिवलग आणि तुम्हाला त्रास होईल. उद्यमनगरात भट्टीवर आयुष्य गेलं त्यांचं. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून मी त्यांच्या हातावरचे पांढरे डाग मोजायचे. प्रत्येक डाग म्हणजे ओतकाम करताना उडालेला एकेक थेंब, असं ते सांगायचे आणि कुठला डाग कुठल्या साली, हेही त्यांना पाठ. आपल्या भागातल्या शेतांवर जी इंजिनं धडधडायची त्यातल्या कितींची कास्टिंग त्यांच्या हातून गेली असतील. तरुणपणी गंगावेस तालमीत जोर-बैठका मारलेल्या, त्यामुळे खासबागेतल्या कुस्त्या म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं आणि त्याला लागून असलेल्या खासबागेच्या व्यासपीठालाही आग लागली, तेव्हा ते रात्रभर टीव्हीसमोरून उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांना रिक्षानं तिथं घेऊन गेलात. बरं केलंत. तिथं ते काय बोलले ते तुम्ही मला अजून सांगितलेलं नाही. वाटेल तेव्हा सांगा.

सिस्टरांचं मात्र आईनं सांगायचं. सीपीआरच्या सरकारी दवाखान्यातून रिटायर झाल्या तरी रात्री-अपरात्री कॉलनीतल्या कुणाच्याही दारात इंजेक्शनचा डबा घेऊन यायच्या. त्यांची आठवण आई जितकी सांगेल तितकी कुणालाच सांगता येणार नाही.

२०१९ च्या पुराचंही लिहा. आपली कॉलनी उंचावर, म्हणून पाणी आलं नाही, पण पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याची ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच ओलांडली होती, हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली, उपसा केंद्रं बुडाल्यामुळे नळ कोरडे. मी पुण्यात अडकून नुसती बातम्या बघत होते. आणि तिकडे ही सगळी सत्तरी-ऐंशीची मंडळी! आक्कांनी अंगणात तीन चुली मांडल्या आणि शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतून आलेल्या घरांसाठी भाकऱ्या बडवल्या. मास्तर टँकरच्या रांगेत वही घेऊन बसले, कुणाला किती घागरी याची नोंद ठेवायला. भांडण होऊ दिलं नाही त्यांनी. माझ्या मते आपल्या कॉलनीचा सगळ्यात मोठा दिवस म्हणजे ते दिवस, वर्धापनदिन नव्हे.

हे सगळं मी इतकं का लिहितेय? ज्यांनी माळावर प्लॉट घेऊन पहिली घरं बांधली, त्यांतले आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिलेत आणि त्यात तुम्ही दोघं आहात. आई, तू लगेच "असलं काही बोलू नको" म्हणशील. पण मला बोलायचंय. फोन वाजला आणि स्क्रीनवर घरचं नाव दिसलं की अवेळी असेल तर माझं काळीज धडधडतं. तुमची वयं मला दिसतात, बाबांचा जिना चढताना लागणारा दम दिसतो. त्याला माझ्याकडे काही उपाय नाही. पण तुमचं आयुष्य चार ओळींत जाऊ द्यायचं नाही, हे तर माझ्या हातात आहे. आई, तुझ्या माहेरचं आजऱ्याकडचं घर, लग्नानंतरची ती एका खोलीतली शाहूपुरीतली वर्षं, शिवणाच्या मशीनवर तू माझी फी भरलीस ती वर्षं, हे मला तुझ्या तोंडून हवंय. बाबांचं पाटबंधारे खात्यातलं सगळं हवंय, साइटवरच्या तंबूतल्या रात्रींसकट.

मी दिवाळीत जरा जास्त रजा काढून येतेय. तोवर एवढं करा. बाबांनी प्रोसिडिंग बुकं कपाटातून काढून उन्हात ठेवावीत, वाळवी बघावी. आईनं आक्कांच्या सुनेकडून त्यांचा तरुणपणीचा एखादा फोटो मिळतो का विचारावं आणि सिस्टरांच्या मुलीचा नंबर घेऊन ठेवावा. मास्तरांच्या ओट्यावर जे अजून बसतात त्या सगळ्यांना सांगून ठेवा की मी एकेकाच्या घरी येणार, फोनवर रेकॉर्ड करणार आणि नंतर तुम्हालाच वाचून दाखवणार. चुकलेलं असेल तर तिथंच दुरुस्त करायचं. नंतर सगळं मिळून एक वही करू आणि प्रत्येक घरात एकेक प्रत देऊ. छपाईचा खर्च माझा, सोसायटीकडे मागायचा नाही.

बाबा, बी.पी.ची गोळी सकाळची सकाळीच घ्या. आई, गुडघ्याला तेल लावतेस ना? रविवारी फोन करते, तेव्हा तात्यांचं सांगायला सुरुवात केलीत तरी चालेल.

तुमची,
लेक