सात घरांचे अंगण

बेलापूर, नवी मुंबई
२२ ऑगस्ट

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर मी तुम्हाला इकडे राहायला या असे पुन्हा एकदा म्हणाले, तेव्हा बाबा, तुम्ही थोडा वेळ गप्प राहिलात आणि मग एवढेच विचारलेत, "आधी कागदावर आखलेल्या गावात माणूस राहतो कसा?" त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. तुम्ही सारी नोकरी भूमी अभिलेख खात्यात मोजणी करण्यात घालवलीत. गाव आधी वसते, वाटा पायांनी पडतात, बांध भांडणांतून ठरतात आणि मग कुणीतरी साखळी घेऊन येऊन त्याचा नकाशा करतो, हा तुमचा अनुभव. इथे नकाशा आधी झाला आणि माणसे मागाहून आली. अशा ठिकाणी नऊ वर्षे काढल्यावर मला जे कळले आहे ते सविस्तर लिहावे म्हणून हे पत्र.

आधी आईसाठी घराबद्दल लिहिते, कारण ती दोनदाच आली आणि दोन्ही वेळा बारशाच्या आणि आजारपणाच्या गडबडीत तिला काही धड पाहता आले नाही. आमच्या वसाहतीला सगळे आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. आमच्या अंगणाभोवती मात्र चित्रकार किंवा मूर्तिकार कुणी राहत नाही. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, सेक्टर आठमध्ये, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळासाठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात ती आखली. आपण पणजीला कला अकादमी पाहायला गेलो होतो आणि बाबा तिथल्या मांडवीकाठच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसून राहिले होते, ती इमारतही कोरियांचीच. इथे त्यांनी सात घरे एका लहानशा अंगणाभोवती ठेवली. कागदावर हे अंगण आठ मीटर लांब आणि आठ मीटर रुंद आहे. अशी तीन अंगणे मिळून एकवीस घरांचा एक पुंजका होतो, त्याच्या मध्यभागी थोडी मोठी मोकळी जागा असते, आणि असे तीन पुंजके पुन्हा त्याहून मोठ्या पटांगणाशी जोडलेले असतात. त्यामुळे आपल्या दारातून मोठ्या रस्त्यापर्यंत जाताना माणूस अंगणामागून अंगण ओलांडत जातो. आई, तुला आजोळच्या घरचे खळे आठवत असेल. लग्नकार्याला जेवढी माणसे त्यात मावत, साधारण तेवढीच आमच्या अंगणात मावतात.

आणखी एक गोष्ट बाबांना विशेष आवडेल. भूखंड लहान आहेत, पंचेचाळीस ते पंचाहत्तर चौरस मीटरचे, आणि ते तसे मुद्दाम ठेवले. ज्याची मिळकत जास्त त्याला पाचपट जमीन, असे इथे केले नाही. घर लहानमोठे असले तरी जमिनीत फार फरक ठेवला नाही. शिवाय दोन घरांची भिंत एकमेकांना लागून नाही, म्हणजे ज्याच्याकडे जेव्हा पैसे येतील तेव्हा त्याने शेजाऱ्याला न विचारता आपले घर वाढवावे. हा विचार चांगला होता. पुढे त्याचे जे झाले त्यात आमचाही हात आहे, ते पुढे सांगते.

ज्या मोठ्या शहराचा हा एक कोपरा आहे, त्याचा आराखडाही मोठ्या आशेने केलेला होता. मुंबई उत्तरेकडे लांबच लांब वाढत चालली आहे, तिची वाढ खाडीपलीकडे वळवावी, अशी मांडणी कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली केली. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि वीस लाख माणसांसाठी शहर आखायचे ठरले. एकच अवाढव्य शहर करण्याऐवजी वाशी, नेरुळ, बेलापूर असे वेगवेगळे नोड, म्हणजे आपापल्यापुरती लहान शहरे, करावेत आणि प्रत्येकाला आपली शाळा, आपला बाजार, आपले उद्यान असावे, ही कल्पना आजही रोज पायांना जाणवते. चिंगीची शाळा सात मिनिटांवर आहे आणि वाटेत एकच रस्ता ओलांडावा लागतो. भाजी, दवाखाना, बँक यांसाठी मला वाहन काढावे लागत नाही. गिरगावात किंवा ठाण्यात राहणाऱ्या माझ्या मैत्रिणींशी बोलताना ही किती मोठी गोष्ट आहे ते माझ्या लक्षात येते.

परंतु आराखड्यातले सगळेच घडले नाही. राज्य सरकारचा कारभार इकडे येईल आणि त्यामागोमाग नोकऱ्या येतील, अशी अपेक्षा होती. मंत्रालय आले नाही. बाबा ज्या कोकण भवनात कामासाठी यायचे, तेवढे बेलापूरला आले. माणसे राहायला आधी आली आणि लोकल मात्र १९९२ साली खाडी ओलांडून वाशीला पोहोचली. आमच्या अंगणातले जुने रहिवासी ती आधीची वर्षे अजून विसरलेले नाहीत, एस.टी. चुकली की नोकरीवरचा खाडा ठरलेला, असे ते सांगतात. योजना करणाऱ्याने घर आणि शाळा जवळ आणली तरी कामाची जागा दूरच राहिली, हे त्या सगळ्या पिढीने अंगावर काढले आहे. मी स्वतः अजूनही आठवड्यातून चार दिवस फोर्टला जाते, आणि जाण्यायेण्यात अडीच-तीन तास मोडतात.

पत्त्यांचेही तसेच. आई पहिल्यांदा आली तेव्हा देवळातून परत येताना वाट चुकली आणि तासभर फिरत राहिली. घरी आल्यावर ती म्हणाली होती, "इथे गल्लीला नाव नाही, नुसते आकडे, मी कुणाला काय विचारू?" ते वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. आपल्याकडे वाट सांगताना पिंपळ, पार, अमक्याचे घर असे सांगतात. सेक्टर आणि प्लॉटचे क्रमांक पोस्टमनला सोयीचे असतील, पण वाट चुकलेल्या म्हाताऱ्या माणसाला ते काही सांगत नाहीत. इथेही आता लोकांनी आपापल्या खुणा केल्या आहेत. आमचे अंगण "जांभळाचे" म्हणून ओळखले जाते, कारण तिथे एक जांभूळ आहे आणि जूनमध्ये त्याच्याखाली फरशी जांभळी होते. आई, तू आलीस की जांभळाचे अंगण कुठे असे विचार. आमच्या भागात कुणीही आणून सोडेल.

बाबा, तुम्ही विचाराल म्हणून जमिनीबद्दल लिहिते. तुम्ही न विचारताही लिहिले असते. हे शहर मोकळ्या जागेवर उभे राहिलेले नाही. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली पंचाण्णव गावे, त्यांची भाताची खाचरे आणि मिठागरे, मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश यासाठी ठरवला गेला. आगरी आणि कोळी माणसांची गावठाणे सेक्टरांच्या मध्ये बेटांसारखी उरली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेले आंदोलन तुम्हाला आठवत असेल. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर प्रकल्पग्रस्तांना, त्यांच्या घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन देण्याचे धोरण आले. कोरियांनी आमच्या अंगणाची मापे काढली ती नेमकी याच वर्षांत, हे मला राहायला आल्यानंतर पुष्कळ दिवसांनी कळले. आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या आजी बेलापूर गावातल्या. एकदा पायरीवर बसून पाणी पिताना त्यांनी हात करून दाखवले की, त्या उंच इमारती आहेत ना, तिथे आमचे शेत होते. आवाजात कडवटपणा नव्हता, त्यामुळे मला अधिकच वाईट वाटले. सरकारी मोजणीत जे क्षेत्र होते ते त्यांच्या लेखी शेत होते, आणि हा फरक तुम्हाला मी समजावण्याची गरज नाही. मोजणीला गेल्यावर तुम्ही कुणाच्या घरचा चहा कधी टाळत नसा, त्याचे कारण मला तेव्हा कळत नसे.

२२ जुलै २०२१ चा तो दिवस मी विसरू शकत नाही. चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले, तुम्ही दोघे माळ्यावर बसलात आणि पुढचा दीड दिवस तुमचा फोन लागला नाही. त्यानंतर प्रत्येक पावसाळ्यात माझा जीव टांगणीला असतो, आणि तुम्ही इकडे यावे असे मी म्हणते त्यामागे खरे कारण तेच आहे. म्हणून इथल्या पाण्याचे खरे काय ते सांगितले पाहिजे. नवी मुंबईतला बराच सखल भाग भरतीच्या पातळीच्या खाली येतो. त्यासाठी नाल्यांच्या तोंडाशी मोठे धारण तलाव केले आहेत. भरतीत समुद्राचे पाणी आत येऊ द्यायचे नाही, पावसाचे पाणी तलावात साठवायचे आणि ओहोटी लागली की सोडायचे, अशी ती व्यवस्था आहे. ती मुळात चोख आहे, पण तलाव गाळाने भरले, त्यांत खारफुटी वाढली, आणि मोठा पाऊस व भरती एकाच वेळी आली की बेलापूरच्या खालच्या सेक्टरांत पाणी साचते. आमची वसाहत चढावर असल्यामुळे आमच्या घरात नऊ वर्षांत पाणी आलेले नाही. डोंगरावरून येणारा ओहोळ वसाहतीतूनच जातो, आणि तो जुलैमध्ये रात्रभर गर्जत असतो. तुम्हाला पहिल्या रात्री झोप लागणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

आता आमच्या हातून झालेली गोष्ट. वसाहतीतली मूळची कौलारू, उतरत्या छपराची घरे आता थोडीच उरली आहेत. लोकांच्या हाती पैसा आला तशी त्यांनी ती पाडून दोन-दोन, तीन-तीन मजली पक्की घरे बांधली, आणि चार वर्षांपूर्वी आम्हीही मजला चढवला. कोरियांनी वाढीला वाव ठेवला होता, त्यामुळे आम्ही काही वावगे केले असे मला तेव्हा वाटले नाही. मजला पूर्ण झाल्यावर शेजारच्या मल्याळी आजींच्या स्वयंपाकघरात सकाळचे ऊन येईनासे झाले. त्या काही बोलल्या नाहीत. पूर्वी त्या खिडकीत कढीपत्त्याची कुंडी असे, ती त्यांनी उचलून अंगणात आणून ठेवली, तेव्हा मला कळले. आता ती कुंडी मी रोज पाणी घालून जपते. पण ऊन परत देता येत नाही. अंगणात गाड्या लावण्यावरूनही वाद आहेत. ज्या काळी हे आखले त्या काळी या घरांतल्या माणसांकडे मोटारी असतील असे कुणाला वाटले नसावे. सात घरांत पाच गाड्या झाल्या, तेव्हा मुलांना खेळायला जागा उरली नाही आणि दोन वर्षे आम्ही एकमेकांशी तुटक वागलो.

ते मिटले २०२० च्या टाळेबंदीत. बाहेर जाता येत नव्हते, मुले घरात कोंडली गेली होती, तेव्हा सगळ्यांनी गाड्या मोठ्या रस्त्यावर नेऊन लावल्या आणि अंगण मोकळे केले. संध्याकाळी प्रत्येक घरातले वडीलधारे आपापल्या पायरीवर बसत. अंतर राखूनही सातही पायऱ्यांवरून एकमेकांशी बोलता येते, इतकेच ते अंगण मोठे आहे. आठ मीटर हे माप का धरले असेल ते मला त्या दिवसांत उमगले. बाबा, तुमच्या प्रश्नाचे माझ्यापाशी असलेले उत्तर हेच आहे. आखणाऱ्याने माणसांना एकमेकांच्या आवाजाच्या टप्प्यात ठेवले. बोलायचे की नाही हे आम्हाला ठरवावे लागले, आणि मध्ये दोन वर्षे आम्ही ते चुकीचे ठरवले होते.

तुम्हाला जड जातील अशा गोष्टीही आहेत. मुख्य रस्त्यापासून घरापर्यंत चढ आहे आणि बाबांच्या गुडघ्यांना तो त्रास देईल. रिक्षा पटांगणापर्यंत येते, पुढचे शंभर पावले चालावेच लागेल. आईला तिच्या बाजारातली माणसे भेटणार नाहीत. जमीन सिडकोची असून आपल्याकडे भाडेपट्टा आहे, ही गोष्ट बाबांना खुपेल. मराठी घरे आमच्या सातांत तीनच आहेत. तळमजल्यावरची अंगणाकडे तोंड असलेली खोली आम्ही तुमच्यासाठी मोकळी केली आहे, तिला लागूनच न्हाणीघर आहे आणि उंबरा काढून टाकला आहे. महापालिकेचे ज्येष्ठांसाठीचे विरंगुळा केंद्र जवळ आहे, तिथे वर्तमानपत्रे असतात आणि पत्ते खेळणारी मंडळी बाबांना नक्की मिळतील.

कायमचे या असे मी आता म्हणत नाही. चिपळूणचे घर जसे आहे तसे ठेवा, किल्ली काकांकडे द्या आणि पुढच्या वर्षी आषाढ-श्रावण तेवढे इकडे काढा. मांडवी एक्सप्रेसने पनवेलला उतरलात की आम्ही घ्यायला येऊ, तिथून बेलापूर लोकलने चौथ्या-पाचव्या स्थानकावर आहे.

येताना, बाबा, तुमचा मोजणीचा जुना टेप घेऊन या. समोरच्या घराने पायरी पुढे काढली, आम्ही ओटा वाढवला, कोपऱ्यावरच्यांनी तुळशीवृंदावन सरकवले, आणि आता अंगण किती उरले आहे यावर सातही घरांत मतभेद आहेत. कुणी बाहेरच्याने मोजून सांगावे आणि ते सगळ्यांनी मान्य करावे, असे गेल्या महिन्याच्या बैठकीत ठरले आहे. मी तुमचे नाव सुचवले, आणि कुणाचीही हरकत आली नाही.

आईला सांधेदुखीचे तेल पाठवले आहे, ते पोहोचले की कळवा.

तुमची,
धाकटी